धातू आणि उपसर्ग

शाळेत संस्कृत शिकविताना मास्तर फळ्याच्या मधोमध ‘ईक्ष्’ हा धातू लिहीत आणि त्याच्याभोवती एकेक उपसर्ग मांडीत जात. ईक्ष् म्हणजे पाहणे. परि लागला की परीक्षा, निर् लागला की निरीक्षण, सम् लागला की समीक्षा. प्रति लागला की प्रतीक्षा, अप लागला की अपेक्षा आणि उप लागला की उपेक्षा. पाहणे एकच, परंतु ते कोणत्या बाजूने, किती जवळून आणि कशासाठी, यावर त्याचा अर्थ पालटतो, हे मुलांच्या मनावर ठसविण्याची त्यांची ही रीत होती. तास संपत आला म्हणजे ते एक कोटीही करीत. वैयाकरणांचा धातू निराळा आणि वैद्यांचा निराळा. वैद्यांच्या लेखी रक्त आणि मांस हेही धातूच. उपसर्गाचेही तसेच. व्याकरणात तो ठरलेल्या जागी, धातूच्या आधी येतो. व्यवहारात मात्र रोगाच्या पीडेलाही उपसर्गच म्हणतात, आणि तो येण्यास जागेचा वा वेळेचा काही नियम नाही. मुले हसत. एकतीस वर्षे ही कोटी चालली. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ती मास्तरांच्याच अंगावर उलटली.

मास्तरांचे घर हैदराबादेत काचीगुड्याला. घराणे मूळचे मराठवाड्याचे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, तरी वडिलांची नोकरी शहरातलीच असल्याने बिऱ्हाड हलले नाही. घरात मराठी, शेजारात तेलुगू, बाजारात दखनी आणि शाळेत संस्कृत अशा चार भाषांत त्यांचे आयुष्य गेले; पाचवी बंगाली त्यांनी तरुणपणी हौसेने शिकून घेतली आणि तिच्यातील काही कथा मराठीत आणल्या. अशा माणसाला शब्दांची भीती वाटू नये. परंतु वैशाखातल्या एका सकाळी लघवीतून रक्त गेलेले पाहिल्यावर त्यांनी त्याला जो शब्द दिला, तो होता ‘उन्हाळी’. हैदराबादच्या उन्हात उन्हाळी लागणे यात नवल ते काय? रात्री भिजविलेल्या धन्या-जिऱ्याचे पाणी सकाळी प्यावे, म्हणजे उतार पडतो. ते प्याले, आणि दोन दिवसांत रक्त थांबलेही.

वेदनेवाचून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण आहे. आणि ते आपोआप थांबते, हाच त्यातला मोठा दगा आहे. दुखत नाही म्हणून माणूस बोलत नाही, आणि थांबले म्हणून विसरतो. आषाढात रक्त पुन्हा दिसले, श्रावणात पुन्हा. मास्तरांनी ते कोणालाही सांगितले नाही. सकाळी सर्वांच्या आधी उठून मोरीत भरपूर पाणी टाकावे, एवढाच उपाय त्यांनी केला. रक्त त्यांना दिसत नव्हते असे नाही. ते रोज पाहत होते. उपेक्षा हे न पाहणे नव्हे, तेही पाहण्याचेच एक रूप आहे, हे त्यांनी मुलांना असंख्य वेळा सांगितले होते.

भाद्रपदात मात्र रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, लघवी अडली आणि रात्री इस्पितळ गाठावे लागले. उपेक्षेच्या जागी परीक्षा आली. ध्वनिलहरींच्या चित्रात मूत्राशयाच्या भिंतीवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखे काहीतरी दिसले. मग मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती गाठ खरवडून काढण्यात आली आणि तिचे तुकडे विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे गेले. नऊ दिवसांनी अहवाल हाती आला. रोगाचे नाव त्यात निःसंदिग्ध होते: कर्करोग, आणि तोही चढ्या प्रतीचा. मास्तरांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासण्याची सवय असलेल्या माणसाने वाचावा तसाच, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, सर्वांत महत्त्वाचे विधान सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान आहे: नमुन्यात स्नायूचा थर आढळला नाही.

या विधानाचा अर्थ डॉक्टरांनी कागदावर चार रेघा ओढून समजावून दिला. मूत्राशयाची भिंत थरांची असते. सर्वांत आत अस्तर, त्याखाली पातळ जोडथर, त्याखाली जाड स्नायू आणि त्याबाहेर चरबी. निदान होते त्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत रोग स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. तसे असेल तर मूत्राशय राखून, आतल्या आत औषध घालून उपचार करता येतात. तो स्नायूत शिरला असेल तर वाट अगदीच निराळी: बहुधा आधी रसायने आणि नंतर मूत्राशयच काढून टाकणे, किंवा निवडक रुग्णांत किरणोपचारांची जोड देऊन ते वाचविण्याचा प्रयत्न. मास्तरांचा रोग जोडथरापर्यंत उतरल्याचे दिसत होते. त्याच्या पुढे तो गेला होता की नाही, हे सांगणारा थर तुकड्यांत आलाच नव्हता.

जुन्या पोथ्यांवर काम केलेल्या माणसाला ही स्थिती अपरिचित नसते. पान गहाळ असले म्हणजे त्या पानावर काही नव्हते असे म्हणता येत नाही. दुसरी पोथी मिळेपर्यंत संपादकाला निर्णय राखून ठेवावा लागतो. येथे दुसरी पोथी म्हणजे दुसऱ्यांदा खरवडणे. पहिली जखम भरू द्यावी लागते, म्हणून ते दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने करतात. त्यानंतर पुन्हा अहवाल, आणि मग शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, रसायनोपचारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांची बैठक. त्या बैठकीत उपचारांची योजना ठरणार होती. तोवर काय करायचे, या मास्तरांच्या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, “थांबायचं.”

थांबणे या क्रियेसाठी भारतीय भाषांनी योजिलेले शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. मराठी माणूस वाट पाहतो. म्हणजे त्याच्यासमोर एक रस्ता असतो आणि त्यावरून कोणीतरी येणार असते. तेलुगूत रोजच्या बोलण्यातला शब्द ‘एदुरुचूपु’ असा आहे, म्हणजे समोर लावलेली दृष्टी. बंगालीत थांबून वाट पाहण्याला ‘अपेक्षा’ म्हणतात. मराठीत हाच शब्द काहीतरी मिळावे अशी इच्छा, एवढ्यावर येऊन ठेपला आहे. या शब्दाने मास्तरांना पूर्वी एकदा फसविले होते. त्यांच्या पहिल्याच भाषांतरात घाटावरची माणसे होडीची अपेक्षा करीत उभी राहिली. ती वास्तविक होडीची वाट पाहत होती. चूक छापून गेली. संपादकाच्या नजरेतून ती सुटली, वाचकांपैकी कोणी पत्र लिहिले नाही. मास्तरांना मात्र ती चाळीस वर्षे सलत राहिली. आता इस्पितळाच्या बाकावर बसल्यावर त्यांना असे वाटू लागले की, ती चूक म्हणावी तितकी चूक नव्हती. वाट पाहणाऱ्याला इच्छा बाजूस ठेवता येत नाही. अहवालाची वाट पाहणारा मनुष्य केवळ अहवालाची वाट पाहत नाही; तो एका विशिष्ट अहवालाची वाट पाहतो. दुसराही अहवाल त्याच रस्त्याने येऊ शकतो, हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याला रस्त्याकडे पाहवत नाही.

त्या बाकावर एक शेजारी नेहमी भेटे. वय साठीचे, बोटांच्या पेरांना निळसर छटा. मास्तरांच्या हातातले मराठी पुस्तक पाहून तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “काय की वो, मराठी का तुम्ही?” गृहस्थ सोलापूरचा, पद्मशाली, तेलुगू मातृभाषेचा. त्याचे पूर्वज तेलंगणातून मागाच्या कामासाठी सोलापूरला गेले, आणि तो स्वतः अडतीस वर्षे चादरींचे सूत रंगविण्याच्या कामावर होता. मुलगा हैदराबादेत नोकरीला, म्हणून उपचार येथे. रोग तोच, त्याचा अहवाल मास्तरांच्या अहवालाहून आठवडाभर मागे होता.

रंग आणि हा रोग यांचे नाते जुने आहे. फ्रांकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली तेथील रंगकारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयांत अर्बुदे आढळल्याचे मांडले आणि व्यवसायातून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या अभ्यासात ती एक महत्त्वाची नोंद ठरली. काही कृत्रिम रंगांच्या निर्मितीत वापरली जाणारी ॲरोमॅटिक अमाइन या वर्गातील द्रव्ये शरीरात गेली, की मूत्रपिंडे ती गाळून मूत्रात सोडतात, आणि मूत्राशयात ती तासन्‌तास साठून राहतात. तंबाखूच्या धुरातही त्याच वर्गातली द्रव्ये असतात. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण होय. मास्तरांनी सिगारेट सोडून वीस वर्षे झाली होती. सोडल्याने धोका उतरतो, परंतु कधीही न ओढलेल्या माणसाइतका तो खाली येत नाही. रंगाऱ्याला रंगाने आणि मास्तरांना धुराने गाठले असे खात्रीने म्हणणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नव्हते, आणि दोघांनीही तसा आग्रह धरला नाही. कारण सापडले तरी थर कोणता, हे त्यावरून कळणार नव्हते.

तुकड्याची तपासणी करायला इतके दिवस का लागतात, असे रंगाऱ्याने एकदा विचारले. मास्तरांनी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाकडून ऐकलेले सांगितले: तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवितात, मग मेणात बसवितात, केसाहून कितीतरी पातळ काप काढतात आणि ते दोन रंगांत रंगवितात. एक रंग लॉगवुड नावाच्या मध्य अमेरिकेतील झाडाच्या गाभ्यापासून निघतो, त्याने पेशींची केंद्रे निळीजांभळी होतात. दुसरा कृत्रिम, त्याने बाकीचे गुलाबी दिसते. लॉगवुडने पूर्वी कापडही रंगवीत. हे ऐकून रंगारी बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आता आपल्यालाच रंगवायलेत की वो मास्तर. मग घाई करू नका म्हणावं. रंग नीट बसला नाही तर खरं दिसत नाही.”

विभागातील परिचारिका तेलुगू ख्रिस्ती होती. तिच्या टेबलावरच्या चर्चच्या दिनदर्शिकेवर ठळक तेलुगू अक्षरांत ‘निरीक्षण’ असे छापलेले मास्तर रोज वाचीत. तेलुगूत या शब्दाचा अर्थ वाट पाहणे असा आहे, हे त्यांना माहीत होते. परंतु दिनदर्शिकेवर तो कशासाठी, हे उमगेना. विचारल्यावर तिने सांगितले की, त्यांच्या बायबलात तो शब्द आशेसाठी येतो. मराठी बायबलात जेथे विश्वास, आशा, प्रीती अशी त्रयी आहे, तेथे तेलुगूत मधल्या जागी निरीक्षण आहे. मास्तरांनी आयुष्यभर हा शब्द शाळातपासनीसांच्या भेटीशी जोडलेला होता. एकाच धातूला एकच उपसर्ग लागून एका भाषेत तटस्थपणे पाहणे होते, आणि शेजारच्या भाषेत आशेने वाट पाहणे. सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत जे चालले होते ते मराठी निरीक्षण होते. बाकावर जे चालले होते ते तेलुगू. दोन्ही एकाच वस्तूकडे लागलेली होती.

घरी मात्र हा विचार टिकत नसे. रात्री मास्तर जागे असत आणि पलीकडच्या खाटेवर पत्नीही जागी आहे, हे त्यांना श्वासावरून कळे. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांनी अखेर तोंड उघडले.

“अगं, रक्त वैशाखापासून जात होतं. मी तुला सांगितलं नाही.”

बराच वेळ उत्तर आले नाही. मग त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं. पहाटे उठून मोरीत एवढं पाणी कोण टाकतं? एकदा कडेला डाग राहिला होता, तो मीच धुतला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले, अहो. रोज वाटायचं, आज सांगतील. मी विचारलं असतं तर तुम्ही उन्हाळी म्हणाला असता, आणि मीही मान डोलावली असती.”

चार महिने एकाच घरात दोन माणसे एकच गोष्ट पाहत होती आणि दोघेही थांबली होती. मास्तरांचे थांबणे उपेक्षेचे होते. पत्नीचे थांबणे बंगाली आणि मराठी अशा दोन्ही अर्थांनी अपेक्षेचे होते. त्या चार महिन्यांत रोग एक थर उतरला की नाही, हे कोणताही अहवाल सांगणार नव्हता. त्यांनी दोष दिला नाही, आणि मास्तरांनी क्षमाही मागितली नाही. त्या उठल्या, दिवा लावला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ आणून ठेवला. शस्त्रक्रियेपूर्वी मध्यरात्रीनंतर पाणीही वर्ज्य होते, आणि बारा वाजायला दहा मिनिटे होती.

दुसरा अहवाल दहा दिवसांनी आला. या वेळी स्नायूचा थर तुकड्यांत होता आणि त्यात रोग नव्हता. बैठकीने योजना ठरविली: मूत्राशयात बी.सी.जी.चे द्रावण, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे. मग दुर्बिणीने तपासणी, मग गरजेप्रमाणे आणखी मात्रा, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बी.सी.जी. म्हणजे क्षयाची लस. काल्मेत आणि गेराँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ या तेरा वर्षांत एकच जंतू सुमारे दोनशेतीस वेळा नव्याने वाढवून त्याची मारकता घालविली. तोच निर्बल जंतू मूत्राशयात सोडला असता तेथील प्रतिकारशक्ती जागी होते आणि रोग परतण्याचे प्रमाण घटते, असे आल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ साली दाखविले. भारतात बी.सी.जी.ची देशव्यापी मोहीम १९५१ साली सुरू झाली होती. मास्तरांच्या डाव्या दंडावर शाळेत टोचलेल्या त्या लशीचा वण अजून आहे. रोगाचा स्वभाव परतण्याचा असल्यामुळे ही योजना म्हणजे प्रतीक्षेचा शेवट नव्हता. फरक इतकाच की, पुढच्या प्रतीक्षेला आता तारखा मिळाल्या होत्या.

रंगाऱ्याचा रोग स्नायूत शिरलेला निघाला. आधी रसायने, मग मूत्राशय काढणे, आणि लहान आतड्याचा तुकडा जोडून मूत्राला पोटावर नवे द्वार, त्याला पिशवी. हे त्याने बाकावर मास्तरांना सांगितले, तेव्हा स्वतःचा अहवाल खिशात असलेल्या मास्तरांना जे वाटले त्यात सुटकेचा भाग होता, आणि त्या सुटकेची लाजही होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूत्राशयातील अश्मरी शस्त्राने काढण्यापूर्वी वैद्याने राजाची अनुमती घ्यावी असे सांगितले आहे. कारण शस्त्र न लावल्यास मरण ठरलेले आणि लावल्यास निष्पत्ती संशयाची. आता राजाची जागा रोग्याकडे आली आहे. संमतिपत्र तेलुगू आणि इंग्रजीत होते. रंगारी तेलुगू बोलत असे, पण त्याचे शिक्षण सोलापूरच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत झालेले. मास्तरांनी ते ओळीने मराठीत वाचून दाखविले. भाषांतर करताना या वेळी त्यांनी एकही शब्द तसाच राहू दिला नाही. रंगाऱ्याने दोनच प्रश्न विचारले: पिशवी घेऊन सोलापूरच्या गाडीत बसता येईल का, आणि सही मराठीत चालेल का. दोन्हींना होकार मिळाल्यावर त्याने सही केली.

घरी आल्यावर पत्नीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सहा मंगळवारांभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळे काढली. मास्तरांनी पेन्सिल त्यांच्याकडून घेतली आणि तीन महिन्यांनंतरच्या एका गुरुवारी आणखी एक वर्तुळ काढले.

“हे तुमचं कसलं?” त्यांनी विचारले.

“हे माझं नाही. आमच्या रंगाऱ्यांचं.”

त्यांनी त्या तारखेकडे क्षणभर पाहिले आणि म्हटले, “मग त्या दिवशी आपण दोघं जाऊ. बाकावर त्यांच्या घरची माणसं एकटी नकोत.”